पंधरा महिने, तीनशे लिटर पाणी: बेळगावच्या प्रयोगशाळेतली माशांची खोली

गेल्या महिन्यात निपाणीच्या एका कॉलेजातल्या मुलीचा फोन आला. तिला संशोधनासाठी झेब्राफिश पाळायचे आहेत. खोली मिळाली आहे, टाक्या आल्या आहेत, आठ दिवसांनी मासे येणार आहेत. “मॅडम, तुम्ही मासे कुठून घेतलात?” एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, आधी माशांची ऑर्डर पुढे ढकल. पलीकडे बराच वेळ शांतता. पंधरा महिन्यांपूर्वी मलाही कुणी असं सांगितलं असतं तर मीही अशीच गप्प झाले असते. तिला फोनवर जे तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, ते इथे सलग लिहिते आहे.

मी मूळची खानापूर तालुक्यातली, गेली काही वर्षं बेळगावात शहापूरला राहते आणि प्राणिशास्त्र शिकवत पीएचडी करते. आमच्या जिल्ह्यात ऊस पुष्कळ, आणि उसात तण मारायला अ‍ॅट्राझिन सर्रास वापरतात. ते पावसाबरोबर ओढ्यात गेलं तर माशांच्या अंड्यांचं काय होतं, हा माझा विषय. त्यासाठी झेब्राफिश बरा. मासा इथलाच, भारतीय उपखंडातल्या ओढ्या-नाल्यांतला. अंडं पारदर्शक, आतलं सगळं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. पण अंड्यांवरच्या या चाचणीची एक अट आहे: नुसत्या स्वच्छ पाण्यात ठेवलेल्या अंड्यांपैकी किमान ९० टक्के जगली पाहिजेत. तुमचं साधं पाणीच अंडी मारत असेल, तर तणनाशकाने किती मारली हे कशावरून सांगणार? ही अट मी पहिल्या दिवशी वाचली होती. तिचा अर्थ कळायला मे २०२४ उजाडला.

जून २०२३ मध्ये कॉलेजकडून एक लाखाचं प्रारंभिक अनुदान मंजूर झालं. पत्र हातात आलं तेव्हा वाटलं, दिवाळीपर्यंत मासे पोहायला लागतील. पहिले दोन महिने फाइलनेच खाल्ले. तीन कोटेशन बंद पाकिटात लागतात. मी आणलेल्या तिसऱ्या कोटेशनवर जीएसटी क्रमांक नव्हता, म्हणून फाइल परत. दुसऱ्यांदा परत आली ती शेऱ्यासह: ‘अ‍ॅक्वेरियम’ ही शोभेची वस्तू आहे, संशोधन अनुदानात बसत नाही. शेरा चुकीचा असला तरी लिहिणाऱ्याचा दोष नव्हता, दुकानदाराने कोटेशनवर तसंच लिहिलं होतं. नव्याने ‘संशोधनासाठी पुनर्चक्री जलप्रणाली’ असं लिहून घेतलं, आमच्या कन्नड विभागातल्या मॅडमनी सोबतचं पत्र कन्नडमध्ये नीट करून दिलं, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सही झाली. तुम्ही पहिल्याच फेरीत असं लिहून घ्या, महिना वाचेल.

दुसरी फाइल त्याच वेळी चालू होती, आणि ती जास्त महत्त्वाची. बरेच जण समजतात की मासे म्हणजे काही ‘प्राणी’ नव्हेत, त्यांना कसली परवानगी? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राणी येतो, मासाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या ज्या केंद्रीय समितीला आधी सगळे सीपीसीएसईए म्हणत आणि आता सीसीएसईए म्हणतात, तिची माशांवरच्या प्रयोगांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं २०२१ मध्ये आली. ती आधी वाचून काढा. प्रस्ताव संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे ‘फॉर्म बी’मध्ये जातो. मी जुलैत दिला, बैठक ४ ऑक्टोबरला झाली. दोन प्रश्न येऊन परत आला: इतकेच मासे का, हे आकडेमोडीने दाखवा, आणि प्रयोग संपल्यावर त्या माशांचं काय करणार ते लिहा. दोन्ही प्रश्न रास्त होते. दुसऱ्याचं उत्तर लिहिताना मी रात्री बराच वेळ कोऱ्या पानाकडे बघत बसले होते. मंजुरीचं पत्र २७ नोव्हेंबरला मिळालं. त्याआधी एकही मासा आणला नाही.

मधल्या काळात रॅक झाली. बाहेरून आयात केलेली तयार रॅक लाखोंच्या घरात जाते, ती आमच्या आवाक्याबाहेर. उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा सांगाडा करून घेतला, रंगासकट ९,८०० रुपये. पंधरा-पंधरा लिटरच्या काचेच्या बारा टाक्या ६,६०० ला. खाली १२० लिटरची सम्प टाकी, त्यात स्पंज आणि जैविक गाळणीच्या प्लॅस्टिक चकत्या. पंपाने पाणी वर, टाक्यांतून ओघळून परत खाली. सगळं मिळून तीनशे लिटर. हीटर, पंप, अतिनील दिवा, चाचणीचे संच, इन्व्हर्टर धरून एकूण खर्च ७१,४०० रुपये झाला.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. फॅब्रिकेटरने चांगल्या मनाने पितळी व्हॉल्व्ह बसवले होते. म्हणाला, “प्लॅस्टिकचे सहा महिन्यांत जातात, हे जन्मभर टिकतील.” पितळेत तांबं आणि जस्त असतं. मऊ, थोड्या आंबट पाण्यात ते हळूहळू सुटतं आणि माशांना अगदी थोडं तांबंही घातक. सगळे काढून पीव्हीसीचे बसवले, जीआय पाइपचा (जस्त चढवलेल्या लोखंडी नळीचा) एक तुकडाही काढला. सिलिकॉन घेताना बुरशीरोधक घातलेला घेऊ नका. जोडकामानंतर आठवडाभर सुकू द्या, मग दोनदा पाणी भरून ओतून टाका. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं.

आता पाणी. बेळगावच्या नळाचं पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं, शुद्ध करून क्लोरीन घालून. माणसाला ते क्लोरीन उपकारक, माशाच्या कल्ल्यांना जाळणारं. आमच्या कॉलेजच्या आवारात जुनी विहीर आहे, बारमाही पाणी. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, विहिरीचं घ्या, क्लोरीनची कटकटच नको. मी मीटर लावून बघितलं. विरघळलेले क्षार लिटरला जेमतेम ७० मिलिग्रॅम, पीएच ६.७. इतकं मऊ पाणी! डाळ झटकन शिजेल असं. मला फार आनंद झाला. हे मऊपणच पुढे अंगाशी येणार होतं.

१४ सप्टेंबरला पाणी भरलं. यानंतर जे करायचं त्याला ‘सायकलिंग’ म्हणतात, आणि निपाणीच्या मुलीला मी थांबवलं ते यासाठीच. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजून आणखी अमोनिया होतो. गाळणीत वाढणारे एक प्रकारचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू नव्या टाकीत नसतातच म्हटलं तरी चालेल. ते यायला, वाढायला चार ते आठ आठवडे लागतात. तेवढा वेळ रिकाम्या टाकीला अमोनिया ‘खाऊ’ घालायचा. मी अमोनियम क्लोराइड वापरलं: ३०० लिटरला २.३ ग्रॅम, म्हणजे नायट्रोजनच्या हिशेबाने लिटरला २ मिलिग्रॅम.

रिकाम्या टाक्यांना रोज सकाळी जाऊन चाचणी करणं विचित्र वाटतं. चाचणीची काचनळी, तीत ५ मिली पाणी, दोन बाटल्यांतले थेंब, पाच मिनिटं थांबणं, मग पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघणं. पिवळा म्हणजे शून्य, जितका हिरवा तितका अमोनिया. अकरा दिवस नळी गडद हिरवी येत राहिली. गणपतीचे दिवस, कॉलेजला सुट्टी, बाहेर ढोल-ताशे, आणि मी दिव्याखाली हिरवी नळी धरून उभी. आमचे अटेंडर मामा येळ्ळूरचे. ते दाराशी येऊन विचारत, “म्याडम, मासे कवा येणार?” बाराव्या दिवशी हिरवा जरा फिका झाला आणि नायट्राइटची नळी निळ्याची जांभळी झाली. जिवाणू आले होते.

मग विसाव्या दिवसाच्या सुमारास सगळं अडकलं. नायट्राइट उतरेना, अमोनियाही पुन्हा वर. पीएच बघितला तर ६.२. कारण कळलं नाही. अर्धं पाणी बदललं, गाडी पुढे सरकली, मी विसरून गेले. त्या दिवशी ‘पीएच का उतरला?’ एवढा प्रश्न वहीत लिहून त्याच्या मागे लागले असते, तर पुढचे सदतीस मासे वाचले असते.

४७ व्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, संध्याकाळी घातलेला अमोनिया दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पूर्ण नाहीसा झाला, नायट्राइटही शून्य. गाळणी तयार. पण परवानगी अजून यायची होती. मासे नाहीत म्हणून अमोनिया थांबवला तर जिवाणू उपाशी मरतात. म्हणून दिवाळीतसुद्धा दर तीन दिवसांनी मोजून मीठ-साखरेसारखा अमोनियम क्लोराइड घालत होते. घरी आत्या म्हणाली, “मासे नसलेल्या टाकीत रोज काय जाऊन बघतेस?” तिला जिवाणूंचं सांगितलं. तिने फराळाचा डबा मामांसाठी वेगळा भरून दिला.

२ डिसेंबरला पहिले चाळीस मासे आले. प्रत्येकी पंधरा रुपये. त्यांना मुख्य रॅकमध्ये न सोडता तीस दिवस वेगळ्या टाकीत ठेवलं, जाळी, नळी, बादली सगळं वेगळं. दुकानातल्या माशांबरोबर रोग येतात, त्यातले काही महिनोन्महिने दिसत नाहीत, काही माणसाच्या हाताच्या जखमेतूनही शिरतात. हात कापलेला असेल तर हातमोजे घाला. पहिल्या आठवड्यात तीन गेले, नंतर एकही नाही.

तो डिसेंबर थंड होता. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर, पहाटे चांगलाच गारठा. झेब्राफिशला २८ अंशांच्या आसपास पाणी हवं. सुरुवातीला एकच ३०० वॅटचा हीटर होता. आमच्या सरांनी सांगितलं, एक मोठा काढ, दीडशेचे दोन लाव. एक बंद पडला तर दुसरा पाणी अगदी थंड होऊ देत नाही, आणि एखादा चालूच राहून अडकला तर एकटा पाणी उकळवत नाही. जानेवारीत एक खरंच बंद पडला. सकाळी पाणी २४ वर होतं, मासे खाली गोळा होऊन होते, पण सगळे जिवंत. लाईट गेली की मात्र थंडीपेक्षा हवा आधी संपते. इन्व्हर्टरवर हीटर लावू नका, नुसता हवेचा पंप लावा, तो रात्रभर चालतो.

हवेच्या पंपाविषयी अजून एक. तो खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. खोलीत फिनेल, डासांची कॉइल, रूम स्प्रे जे काही असेल ते माशांपर्यंत पोहोचतं. पावसाळ्यात गल्लीत फॉगिंगची गाडी येते, त्या धुरातली कीटकनाशकं माशांना अतिशय घातक. गाडीचा आवाज आला की मामा खिडक्या बंद करून पंपाचा प्लग काढतात, वीस मिनिटांनी लावतात. फरशी साध्या पाण्यानेच पुसायची, हे त्यांनी दाराच्या आत खडूने लिहून ठेवलंय.

मार्च २०२४ पर्यंत माशांची संख्या ८६ झाली होती आणि मी निश्चिंत होते. वहीत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, रोज तेच. चाचणी आठवड्यातून एकदावर आणली. २०२३ चा पाऊस अपुरा झाला होता, एप्रिलमध्ये विहिरीची पातळी खोल गेली. आजूबाजूला लोक टँकरची वाट बघत असताना आठवड्याला तीस लिटर पाणी माशांसाठी ओतून द्यायला मन धजेना. पाणी बदलणं आधी पंधरा दिवसांवर, मग तीन आठवड्यांवर गेलं. परीक्षा झाल्या, आणि लोकसभेच्या निवडणुकीची ड्युटी लागली. ७ मेचं मतदान, त्याआधी प्रशिक्षण, आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम. मामाही ड्युटीवर. खाद्य घालायला एका विद्यार्थ्याला सांगितलं होतं. त्याने माशांची दया येऊन जरा जास्तच घातलं.

८ तारखेला संध्याकाळी मी खोलीत आले. पाणी स्वच्छ, मासे जरा सुस्त. नळी भरली, थेंब टाकले. पाच मिनिटंही थांबावं लागलं नाही, संचाच्या तक्त्यावरचा सगळ्यात गडद हिरवा: लिटरला ८ मिलिग्रॅम अमोनिया. पीएच ६.१. मला वाटलं, पीएच पडलाय म्हणून जिवाणू झोपलेत, पीएच वर आणला की काम सुरू करतील. दोन दिवसांच्या जागरणाने डोकं चालत नव्हतं. डब्यातला खायचा सोडा मोजला, तीस ग्रॅम, पाण्यात विरघळवून सरळ सम्पमध्ये ओतला, आणि घरी गेले.

सकाळी पावणेसातला मामांचा फोन. “म्याडम, मासे सगळे वर येऊन तोंड मारूलालेत.” मी पोहोचले तेव्हा काही पृष्ठभागाशी धापा टाकत होते, कल्ले लाल, काही गोल गोल गिरक्या घेत होते, बाकीचे तळाशी पडलेले. पीएच ७.९. दुपारपर्यंत ८६ पैकी ३७ गेले.

हे का झालं, ते सविस्तर लिहिते, कारण ही चूक काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातूनच होते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, ते फारसं त्रास देत नाही. दुसरा मुक्त अमोनिया, तो कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतो. दोघांचं प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतं, आणि चाचणीचा संच दोघांची बेरीज दाखवतो. २८ अंशांना, पीएच ६.१ असताना त्या ८ मधला मुक्त भाग हजारात एकापेक्षाही कमी होता, म्हणून मासे फक्त सुस्त होते. पीएच ७.९ झाल्यावर तोच भाग शंभरात पाच. अमोनिया तेवढाच, विष साठपट. पडलेला पीएच त्या माशांना एक प्रकारे सांभाळत होता, आणि मी तो आधार एका रात्रीत काढून घेतला.

आणि मुळात पीएच का पडला? जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खातं. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम. आमच्या विहिरीच्या पाण्यात ती होती सगळी २५. हा आकडा मला जूनमध्ये कळला, अल्कलिनिटी मोजायचा ७८० रुपयांचा केएच संच घेतल्यावर. मऊ पाणी, तांबड्या मातीतलं. ताजं पाणी येत होतं तोवर थोडी थोडी भर पडत होती. पाणी बदलणं थांबलं, खाद्य वाढलं, पुंजी संपली, पीएच कोसळला आणि जिवाणूंनी हात टेकले. ऑक्टोबरात विसाव्या दिवशी घडलं होतं ते हेच.

त्या दिवशी काय करायला हवं होतं ते असं. खाद्य पूर्ण बंद, मोठा मासा आठवडाभर न खाता सहज राहतो. टाकीच्या पाण्याशी मिळत्याजुळत्या पीएचचं ताजं पाणी थोडं थोडं, दिवसातून दोनदा. गाळणीत झिओलाइटची पिशवी, ती अमोनियम शोषून घेते. अमोनिया बेरीज १ च्या खाली आली की मगच सोडा, तोही चिमटी-चिमटीने, दिवसाला पीएच ०.२ च्या वर चढू न देता.

सदतीस माशांची नोंद वहीत केली, नैतिकता समितीला लेखी कळवलं, कारणासह, चूक माझी असं लिहून. समितीने उपाययोजना लेखी मागितली. ती लिहिताना जे ठरवलं तेच आज चालू आहे.

पाणी थेट टाकीत जात नाही. १०० लिटरचा निळा ड्रम आहे. त्यात विहिरीचं पाणी, ८.४ ग्रॅम खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे), आणि मत्स्यालयासाठीचं समुद्री मीठ २० ग्रॅम. आयोडीनवालं स्वयंपाकाचं मीठ मी घेत नाही. रात्रभर हवा सोडायची. सकाळी पीएच साडेसातच्या जवळ, वाहकता (क्षारांचा अंदाज देणारं माप) पाचशे-सहाशे मायक्रोसिमेन्स, अल्कलिनिटी ७५. विहीर आटली आणि नळाचं घ्यावं लागलं तर आधी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टाकून क्लोरीन बघायचं, पिवळं आलं तर हायपो, म्हणजे क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर १०० लिटरला साडेतीनशे मिलिग्रॅम पुरतं, मी पाचशे घालते. रोज दहा टक्के पाणी बदलतो. ओतून दिलेलं पाणी मामा बादल्यांनी कॉलेजच्या बागेत नेतात. त्यात नायट्रेट असतं, जास्वंदी फोफावली आहे, आणि पाणी वाया जातंय ही माझी बोचणीही गेली.

गाळणीला तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा आधार दिलाय. काकी गोव्याहून तिसऱ्या आणते, त्यांचे शिंपले उकळून, घासून, आठ दिवस उन्हात वाळवून, ठेचून जाळीच्या पिशवीत सम्पमध्ये ठेवले. पाणी आंबट व्हायला लागलं की ते आपोआप थोडे विरघळतात. त्यांच्या भरवशावर मोजणं मात्र सोडत नाही. स्पंज नळाखाली कधी धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात पिळायचा, तोही एका वेळी अर्धाच.

खाद्य दोन वेळा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. सुट्टीच्या दिवसांसाठी मी आता खाद्याच्या कागदी पुड्या बांधून त्यावर वार लिहून ठेवते. दया आली तरी दुसऱ्या दिवसाची पुडी फोडायची नाही.

वही दाराला टांगलेली असते. तापमान आणि पीएच रोज, अमोनिया आणि नायट्राइट दिवसाआड, अल्कलिनिटी आणि नायट्रेट दर सोमवारी. पीएच मीटर आठवड्याला ४ आणि ७ च्या द्रावणात तपासायचा. वेळ रोज पंचवीस मिनिटं जातो. रकान्यात आकडा लिहायचा, ‘ठीक’ हा शब्द लिहायचा नाही. माझ्या एप्रिलच्या पानांवर सात ठिकाणी ‘ठीक’ लिहिलेलं आहे. ती पानं मी फाडली नाहीत.

उरलेल्या ४९ माशांना जुलैत अंडी घालायला लावलं. चौदा तास उजेड, दहा तास अंधार. संध्याकाळी नर-मादी मध्ये पडदा घालून ठेवायचे, सकाळी दिवा लागला की पडदा काढायचा. पहिल्या वेळी चोवीस अंड्यांपैकी ९६ तासांनी वीसच जगली, म्हणजे ८३ टक्के. पावसाळी हवेत खोली २३ अंशांवर होती आणि मी अंड्यांची थाळी टेबलावरच ठेवली होती. चाचणीला २६ लागतात. शेजारच्या विभागाचा इन्क्युबेटर मागायला अर्ज, दोन सह्या, नऊ दिवस.

दुसरी थाळी २० ऑगस्टला लावली. दोन दिवसांनी मामांना सूक्ष्मदर्शकात बघायला बोलावलं. मोहरीपेक्षा लहान अंडं, आत वळून बसलेला जीव, आणि छातीशी टिपक्याएवढं हृदय भरभर धडधडतंय. मामा बराच वेळ डोळा लावून वाकून होते. मग म्हणाले, “एवढ्याशात काळीज बी हाय व्हय.” ९६ तासांनी चोवीसपैकी तेवीस जिवंत. त्या थाळीत तणनाशक नव्हतंच. नुसतं पाणी.

निपाणीच्या मुलीने मासे पुढे ढकललेत. काल तिचा मेसेज आला: सोळावा दिवस, नायट्राइट जांभळं, पीएच ६.६ आणि उतरतोय. आज केएच संच घेऊन ये म्हटलंय, आणि तोवर सोड्याच्या डब्याला हात लावू नकोस.